निबर जीभ

“चोविसाव्या वर्षी जीभ वळत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं, बुवा?”

“माझ्या गुरूंनी.”

“त्यांनी कुणाला शिकवून पाहिलं होतं?”

गोरक्षबुवांनी हातातली चिपळी खाली ठेवली. तेवढ्या आवाजानेही शाल्मली दचकली. इतकं उर्मट बोलायचं तिने ठरवलं नव्हतं…

मठाची दोनशे पदं आता एकट्या बुवांच्या गळ्यात उरली होती. शिष्य आठ वर्षांच्या आतला हवा, पुढे जीभ निबर होते, असा तिथला दंडक. गेल्या अकरा वर्षांत तेवढं लेकरू कुणी आणून घातलं नव्हतं. शाल्मली शिकायला तीनदा आली, तीनदा परत गेली.

आज ती म्हणाली होती, शिकवत नाही, तर निदान आवाज तरी भरून घेऊ द्या. बुवांनी होकार दिला, पण पदं मठाबाहेर न्यायची नाहीत. म्हणून मठातल्याच संगणकावर. तो कुणा भक्ताने कधीकाळी दिलेला, आणि तिच्याजवळचा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम या वर्षीचा.

पडद्यावर एक चौकट उमटली.

“काय म्हणतंय?”

“संगणकाची प्रणाली जुनी आहे, तिच्यावर मी चालणार नाही, असं म्हणतंय.”

“मग आटोपलं की! तुझ्या प्रोग्रॅमलाही मठाचा दंडक ठाऊक आहे.” बुवा मिशीत हसले.

तिची कानशिलं तापली. तरी ती जागची हलली नाही. प्रोग्रॅमच्या फायली एकेक उघडून वाचत बसली.

तासाभराने पंखा घरघरला. प्रोग्रॅम सुरू झाला.

बुवा पुढे सरकले.

“खोटं वय सांगितलंस त्याला?”

“नाही. वय विचारणारी ओळच काढून टाकली.”

“कुणाला विचारून?”

“कुणालाच नाही.” तिचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. “नुसतं वय विचारून हाकलत होता, बुवा. एकदा चालवून बघायचीही तयारी नव्हती त्याची!”



बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं. ते झाडून संपलं.

मग हात लांबवून बुवांनी माइकची वायर उपसली.

आता रेकॉर्डिंगही गेलं. ती पिशवी उचलून उठू लागली.

“कुठे निघालीस? बस.”

ती पिशवीसकट बसली.

“पहिलं पद. माझ्यामागून म्हण.”

बुवांनी पहिली ओळ म्हटली. तिने तोंड उघडलं, पण सूर घोगरा निघाला. शेजारी संगणकाचा पंखा कण्हत होता.

“बुवा, हे फारच घरघरतंय… बंद करू?”

“घरघरू दे. वर्षभर तूही तशीच घरघरणार आहेस.”