भिंतीतला भुंगा आणि पुसलेली रेघ

मुंग्यांना अजून वाचा होती, तेव्हाची ही गोष्ट. एका वारुळात रीत अशी होती की संकटाची खबर तोंडी कुणी मानायची नाही. पहारेकरणीने जमिनीवर वासाची रेघ ओढली, तरच ती खरी.

झुंबरी नावाच्या पहारेकरणीला कोठाराच्या भिंतीत एक भुंगा दडलेला दिसला. तो खात नव्हता, हलत नव्हता, नुसता आपल्या अंड्यांपाशी बसून होता. झुंबरीने राणीच्या दालनापर्यंत रेघ ओढली. पण भुंग्याचे पाळीव बारीक किडे मागोमाग आले आणि रेघ चाटून गेले. अंडी अवेळी फुटून बोभाटा होऊ नये म्हणून तेच किडे ती थंड ठेवत.

"कुठाय गं तुझी रेघ?" मुकादमीण खेकसली.

"मावशी, किडे चाटतात ती! चार पावलं येऊन बघा तरी."

"रेघेशिवाय पाऊल टाकायचं नाही. इथे सगळं शांत आहे."

"म्हणून तर भीती वाटतेय!"

भोवतालच्या सगळ्या मुंग्या खदखदून हसल्या. झुंबरी रोज रेघ ओढायची, रोज ती पुसली जायची.

मग दुष्काळ पडला. कोठार रिकामं झालं, मुंग्या उपासाने लटपटू लागल्या. त्या दिवशी झुंबरीची रेघ वारूळभर दरवळली.

"शाबास गं! खरंच होतं की तुझं," मुकादमीण धावत येत म्हणाली.

झुंबरीने मिशा भिंतीकडे वळवल्या. "मावशी, आज ती कुणीच का पुसली नाही, ते विचारा. आपल्यात लढायचं बळ उरलं नाही, हे भुंग्याला कळलंय."

भिंतीत अंडी तडकू लागली होती.