खारूताईचा पेरू

फार पूर्वी प्राणी एकमेकांना आग्रह करकरून जेवू घालायचे, तेव्हाची गोष्ट. थंडीतली लांब झोप जवळ आली, तसं कासवाने खाणं सोडलं. शेजारच्या खारूताईच्या जिवाला घोर लागला.

"तीन महिने झोपणार, तेही उपाशी? माझ्या दारातून आजवर कुणी रिकाम्या पोटी गेलं नाही. एक पेरू तरी घ्या, कासवदादा!"

"ताई, मी झोपलो की माझं पोटही झोपतं. पेरू आतच सडेल आणि मी उठणारच नाही."

खारूताईने पेरू बाजूला ठेवला आणि कासवावर वाळका पाला पसरला. थंडीभर ती रोज यायची, ओठांवर आलेलं "थोडं घेता का?" गिळायची आणि पाला सारखा करून परतायची.

वसंतात पाला हलला.

"ताई, तुम्ही पेरूचं काहीतरी म्हणत होतात ना?"