पलीकडच्या कड्याचा पुरावा

झाडाझुडपांना तोंड होतं आणि भांडायला भरपूर वेळ होता, त्या काळातली गोष्ट. एका कड्याच्या कपारीत पांढऱ्या फुलांचं झुडूप होतं. सगळे त्याला मावशी म्हणत. तिन्हीसांजेला पतंगांच्या कुळातली एक करडी पाकोळी तिच्याकडे यायची आणि आली की दोघींची जुंपायची. दोघींत जास्त दुर्मीळ कोण?

"माझ्या जातीचं आता कुणी उरलं नाही," मावशी म्हणायची. "फुलं येतात नि सुकतात. एक बी धरत नाही."

"आमच्यातल्या दोघी एकत्र दिसल्या तरी जत्रा भरल्यासारखं वाटतं," पाकोळी म्हणायची. "तुझी तर सख्खी बहीण आहे पलीकडच्या कड्यावर."

"थापा मारू नकोस."

पाकोळीला राग आला. ती तडक दरी ओलांडून गेली आणि परतली ती तोंडाला त्या बहिणीच्या परागांची पिवळी भुकटी माखून. "हा घे पुरावा," म्हणत तिनं मावशीच्या फुलांत तोंड घुसळलं. मावशीनं वास घेतला. वास घरचा होता.

दमलेल्या पाकोळीनं तिथेच पानाखाली अंडी घातली.

"तुझी पोरं माझी पानं कुरतडणार," मावशी कुरकुरली.

"मावशीकडे नाही जेवायचं, तर कुठे?"

पावसाळा सरताना मावशीच्या पानांची चाळण झाली होती आणि शेंगा टरारल्या होत्या. तेव्हापासून दोघी भांडतात, ते पोरं कुणाची जास्त यावरून. मावशी हरायला आली की एक शेंग फोडते, बिया वाऱ्यावर सोडते आणि म्हणते, "आता मोज."