पोटाची पिसं
झडलेली पिसं सगळ्यांनाच परत फुटतात, मग दादालाच का फुटली नाहीत? धाकट्या करकोच्यानं हे पाणथळीवरच्या प्रत्येक म्हाताऱ्याला विचारलं. प्रत्येकानं मान वळवून पाण्यात चोच घातली.

त्या राज्यात दोन रीती होत्या. पिल्लं झाली की बापानं आपल्या पोटाची पिसं उपटून घरट्यात अंथरायची. आणि वर्षातून एकदा बर्फाच्या सुळक्यावरून उडायची शर्यत लागे. जिंकणाऱ्याच्या नावानं त्याच्या गुरूनं चोचभर पिसं द्यायची. ती मानाच्या झाडावर टांगली जात.

दादासारखा गुरू दुसरा नव्हता. ते झाड त्याच्याच पिसांनी पांढरं झालं होतं. नवी पिसं फुटायच्या दिवसांत सारे करकोचे उबेला बसून राहत. दादा तेव्हाही कड्यावर उभा राहून पोरांना हाकारे, "अजून वर!"

यंदा त्याला दोन पिल्लं झाली. थंडी तोंडावर आली, तरी घरट्यात नुसत्या काटक्या. वहिनी धाकट्याला म्हणाली, "भाऊजी, तुमच्या दादांना सांगा, इथंही दोघं शर्यतीला उतरलेत. थंडीच्या."

धाकटा तडक कड्यावर गेला आणि चारचौघांत दादाला वाटेल ते बोलला. दादा नुसता हसला. त्याच्या पोटावर थोडीच पिसं उरली होती. "एवढं पोर सुळका ओलांडू दे," तो म्हणाला, "मग ही घरट्याचीच."

धाकट्यानं तोच निरोप वहिनीला दिला. तो देताना त्यालाही तो खराच वाटला.

शर्यतीच्या दिवशी वारा उलटा होता. पोर डगमगलं, तसा दादा उघडं पोट वाऱ्याला देऊन त्याच्या पुढं झाला. पोर सगळ्यांच्या आधी सुळक्यापलीकडं गेलं. दादा अलीकडंच पडला, तो पुन्हा उठला नाही. रीतीप्रमाणं त्याची उरलेली पिसंही झाडावर चढली. राज्यभर जयजयकार झाला. पिल्लांनी आईला विचारलं, पडलं ते कोण?

ते ऐकून धाकटा उठला तो थेट मानाच्या झाडावर. ही राज्याची ठेव आहे, असं राखणदार सांगू लागले. त्यानं एकाला टोचलं आणि पिसं ओरबाडली. कितीतरी फेऱ्या मारल्या. पण जुनी पिसं उन्हानं वाळली होती, चोचीतच त्यांचा भुगा होत होता.

वहिनीनं पिल्लांना जरा सरकवून जागा केली. सगळं अंथरून झालं, तरी एका कोपऱ्यात काटक्या दिसतच होत्या. धाकट्यानं मान खाली वाकवली आणि आपल्या पोटाचं पहिलं पीस उपटलं.