कोनाड्यातल्या ओळी

एका राज्यात वेशीवर एका मांत्रिकाने शापलेला दगडी हत्ती उभा होता. प्रहराप्रहराला माहुताने त्याला हिरव्या गवताची पेंढी घालावी, असा नेम. पेंढी चुकली की हत्ती चीत्कारे आणि अवघे नगर मूर्च्छित पडे. मांत्रिकाचे अदृश्य सेवक येत, पोथ्या-पाट्या धुऊन कोऱ्या करीत. जागे झाल्यावर त्या दिवसाचे कोणालाच काही आठवत नसे. दर चीत्कारासरशी राजकन्या मंजुघोषा वीतभर पाषाण होई. दगड कमरेपर्यंत चढला होता. माहूत दोनदा बदलले, तरी पेंढी चुकतच राहिली.

शालवती ही दरबारची लेखनिका. तिने रानातल्या वृद्ध मैनेला विचारले, “लिहिलेले टिकेल कुठे?”

मैना म्हणाली, “देवळाच्या गाभाऱ्यामागच्या कोनाड्याला सेवक शिवत नाहीत. तीन गोष्टी पाळ. तिथला दिवा विझू देऊ नकोस, विझला तर अक्षरेही विझतील. घडेल ते घडताक्षणी लिही. आणि लिखाणाच्या माथ्यावर तुझी खूण कर. त्या भिंतीवर आपोआपही अक्षरे उमटतात, ती खोटी.”

शालवतीने दिव्यात तेल घातले आणि माहुताचा माग धरला. कोनाड्यापाशी ये-जा करीत ती लिहीत राहिली.

हत्ती चीत्कारला. शुद्धीवर येताच ती कोनाड्याकडे धावली. खुणेखाली तिचेच अक्षर होते: ‘माहूत गवतासाठी तळ्यावर गेला.’ पुढे काही नाही. दगड राजकन्येच्या छातीशी आला.

दुसऱ्या खेपेस ओळ मिळाली: ‘काठावर बसून कमळे मोजतो.’ दगड गळ्याशी आला.

तिसऱ्या खेपेस: ‘हाक ऐकत नाही, ओढले तरी हलत नाही. फुले थोडी, पण तो पाण्यातल्या पडछायाही मोजतो. मोजणी सरत नाही.’

आता राजकन्येचे फक्त डोळे हलत होते. शालवतीला ते पाहवेना.

पुढच्या खेपेस माहूत काठावर बसताच तिने तळ्याच्या बांधातला पाण्याचा दरवाजा उघडला. पाणी वाहून गेले, पडछाया गेल्या, चिखलात एकवीस कमळे उरली.

“एकवीस,” माहूत म्हणाला आणि दचकून उठला. “बाईसाहेब, माझी पेंढी!”

“धाव,” ती म्हणाली.

घास मुखी पडताच हत्तीने डोळे मिटले, ते मिटलेच. तळेही त्याच मांत्रिकाने शापले होते. पाणी गेले तसा त्याचा सारा शाप चिखलात जिरला. शालवती महालात धावत आली, तेव्हा मंजुघोषेच्या ओठांपासून पावलांपर्यंतचा दगड गळून पडला होता.

“शालवती,” ती म्हणाली, “मला चालायचं आहे. हात दे.”

दोघी वेशीपर्यंत चालत गेल्या. राजकन्येची पावले अडखळत होती, पण ती थांबली नाही. मग त्या नगरात सुखाने दिवस उगवू लागले आणि आठवणीत राहू लागले.