कात्री लपवली तेव्हा

कात्री बंद केली की गाठ थांबेल, असं उत्पलाला वाटलं होतं. गाठ वाढतच राहिली.

"का, भंते?"

भंते सुमेध टेकडीवरच्या विहाराच्या ओसरीवर नवं चीवर, भिक्खूचं वस्त्र, बेतत बसले होते. भिक्खू होण्याआधी ते कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. उत्पला त्यांची विद्यार्थिनी. पुढे ती परदेशात शिकली, आणि लहान मुलांच्या कर्करोगावर काम करायचं म्हणून हट्टानं नागपूरला परतली.

"कसली कात्री? नीट सांग. म्हातारा झालोय मी."

"आपल्या डीएनएत काही तुकडे असतात, भंते. जागा बदलणारे. इथून सुटायचं, तिथे घुसायचं. त्यातला एक कोट्यवधी वर्षांपूर्वी कायमचा मुक्कामाला राहिला. आता तो स्वतः फिरत नाही. पण त्याची कात्री शाबूत आहे."

"शरीरानं ती ठेवली कशाला?"

"मेंदू घडताना लागत असावी. पण काही मुलांत ती नको तिथे चालते आणि जनुकंच कापते. चार वर्षांचं पोर, भंते! ना तंबाखू, ना कारखान्याचा धूर. त्याच्या पेशींत एवढी मोडतोड येते कुठून? आतून!"

तिचे डोळे चमकले. मग विझले.

"गाठीच्या पेशी घेतल्या. त्यांच्यातली कात्री मी बंद केली. पेशी मजेत आहेत... काम चालू ठेवायचं की गुंडाळायचं, ते उद्या सकाळी प्रयोगशाळेत कळवायचंय."

भंतेंनी कोऱ्या कापडात कात्री घातली. कर्र...

"अहो, अख्खं होतं की!"

"अख्खं आम्हाला चालत नाही. कापायचं, तुकडे जोडायचे, तेच अंगावर घ्यायचं." त्यांनी कात्री पुढे केली. "घे. लपव."

तिनं ती पाठीमागे धरली.

भंते सुईनं तुकड्याला तुकडा जोडत राहिले.

"थांबलं का चीवर?"

"कसं थांबेल? तुकडे आधीच झालेत..."

"मग?"

उत्पला पुढे झुकली. नजर त्यांच्या बोटांवर.

एकदम तिनं त्यांच्या हातातली सुई काढून स्वतःच्या ओढणीत टोचली आणि कात्री परत दिली.

"कापा, भंते!"

ते कापत गेले. जोडायला काही नव्हतं. वारा आला. तुकडे ओसरीभर पांगले, एक पायऱ्यांवरून खाली गेला.

उत्पला ताडकन उठली.

"दुरुस्ती! ती कात्री त्या पेशींनाच कापत असते! त्या क्षणोक्षणी शिवतात म्हणून जगतात. आणि मी कात्री बंद करून त्यांच्यावर उपकार करत बसले! कात्री चालू द्यायची, भंते. सुई थांबवायची!"

"हळू. आत उपासक ध्यानाला बसलेत."

"उठवा त्यांना!"

भंते हसले. मग अंगावरचं जुनं चीवर त्यांनी चिमटीत धरलं.

"आणि हे? यालाही सुई लागते."

"त्यावर कात्री कुठे चालतेय? निरोगी पेशींवरही नाही. काढेल ते चार दिवस बिनसुईचे."

"असं?"

"असंच!"

भंते पांगलेले तुकडे वेचू लागले.

ती रात्र उत्पलानं खालच्या गावात मावशीकडे काढली. झोप कसली लागते! सकाळी निरोप घ्यायला टेकडी चढता चढताच तिनं प्रयोगशाळेत फोन लावला.

"काम बंद होणार नाही. कात्री पुन्हा चालू करा. आणि दुरुस्ती रोखणारं औषध काढून ठेवा. दुपारपर्यंत पोचते मी."

धापा टाकत ती ओसरीवर आली आणि वंदनाला वाकली. कालची सुई अजून तिच्या ओढणीत टोचलेली होती.

भंतेंनी खांदा पुढे केला. जुनं चीवर वीतभर उसवलं होतं.

"सुई देऊन जा, बाळा. रात्रीत इथेही उसवलं."