वाकड्या नाकांचे पूर्वज

फार जुन्या काळची गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी झोपेचं सोंग घेऊन का होईना, पण ऐकावीच.

एका घाटमाथ्यावर एक गाव होतं. घाट चढून दमलेले तांडे गावच्या विहिरीवर थांबत, बैलांना पाणी पाजत, आणि त्यावरच गावातल्या चुली पेटत. मग कुणीतरी आवई उठवली, की माथ्यावरची विहीर आटली. विहीर चांगली भरलेली होती! पण तांडे दुसऱ्या वाटेने जाऊ लागले. गावाने शपथा घेतल्या, तर तांड्यांचे नायक हसायचे. आपल्या विहिरीला कोण कोरडी म्हणेल?

गावची पाटलीण मोठी चौकस बाई होती. घरांना एकेक करून कुलपं लागत होती. उरलेल्यांनी तिला सांगून टाकलं, "पायथ्याच्या जत्रेनंतरही तांडे आले नाहीत, तर आम्हीही खाली उतरणार." सासऱ्यांनी खणलेली विहीर सोडून जायचं, या विचाराने तिला घास गोड लागेना.

जत्रेला सगळे नायक येत. तिथे आपण चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करावा, असं तिच्या मनात आलं. पडद्यामागे दिवा, दिव्यापुढे बाहुल्या, पडद्यावर रंगीत सावल्या. शपथा कुणी ऐकत नाही, खेळ मात्र सगळे बघतात. तिने एका खेळियाला बोलावलं.

खेळिया म्हणाला, "कातडं भिजवायचं, पातळ होईतो तासायचं, सावलीत वाळवायचं. मग त्यातून उजेड आरपार जातो."

गावाकडे देण्यासारखं फारसं नव्हतं. म्हणून घरटी एकेक बकऱ्याचं कातडं आलं, आणि प्रत्येक कातड्यासोबत एकेक पूर्वजही आला. "कातडं आमचं, तर बाहुलीही आमच्या पणजोबांचीच हवी!" एकाला पणजोबा घोड्यावर हवे होते. त्यांनी उभ्या जन्मात गाढवही पाळलं नव्हतं, पण ते सोडा.

पाटलिणीला कुणाचंच मन मोडवेना. ती खेळियाला म्हणाली, "सगळेच करा. जत्रेच्या आत करा. आणि देखणे करा."

एवढ्या वेळात एवढं नीट होणार नाही, हे खेळियाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बऱ्याच काळाने काम मिळालं होतं. तो म्हणाला, "बरं."

चूक झाली ती इथे, आणि दोघांनी मिळून केली.

कातडी ढीगभर आणि वेळ थोडा. खेळियाने ती वरवर तासली आणि उन्हात वाळवली. रंग पुरेना, म्हणून त्यात पाणी घातलं. जत्रा तोंडावर आली तेव्हा देवळाच्या ओसरीत पडदा बांधून दिवा लावला. पडद्यावर नुसते काळे ठिपके उमटले. दिव्याची धग लागली तशी कातडी आखडू लागली. पूर्वजांची नाकं वाकडी झाली. घोड्यावरचे पणजोबा तर कमरेत वाकून घोड्याच्या कानाशी काहीतरी कुजबुजू लागले.

पोरं हसून हसून लोळली. पाटलिणीच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं.

तिने विचारलं, "असं होणार हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत, आणि मला काम हवं होतं," खेळिया खाली मान घालून म्हणाला.

"मग आता विचारते. काय उरलंय?"

एक कातडं उरलं होतं. पाटलिणीच्याच घरचं. घाई सुरू होण्याआधीच ते नीट भिजवून, तासून सावलीत ठेवलं होतं, आणि कोरायची पाळी अजून आली नव्हती.

"एवढ्या वेळात एकच बाहुली नीट होईल," खेळिया म्हणाला. "तुमच्या सासऱ्यांची करू?"

मोह झाला तिला. का होऊ नये? पण तिची चौकस बुद्धी जागी झाली. "तुम्ही पहिल्यांदा आमच्या गावात आलात, तेव्हा काय पाहिलंत?"

"एका बाईने आधी पाणी दिलं. नाव मागून विचारलं."

"ती तर आमची रीतच आहे."

"असेल. मला मात्र ती बाई अजून आठवते."

"मग तीच करा," पाटलीण म्हणाली.

गाव रुसलं. पण खेळियाने मन लावून ती एकच बाहुली कोरली. हातात घागर, आणि घागरीखाली सुईने पाडलेली बारीक भोकं.

जत्रेतला खेळ सुरू होतो न होतो तोच संपला. बाई वाकली, तिने घागर कलती केली, खेळियाने मागे दिवा हलवला, आणि पडद्यावर पाणी झुळझुळलं. पुढे बसलेल्या एका मुलीने नकळत ओंजळ पुढे केली.

"एवढंच?" एका म्हाताऱ्या नायकाने विचारलं.

"एवढंच," पाटलीण म्हणाली.

"ते पाणी खरंच असं चमकतं?"

"येऊन बघा ना."

"बघतोच!"

जत्रा उठली आणि घाटात बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. पाटलीण विहिरीवरच उभी होती. तिने नाव विचारलं नाही, घागर कलती केली. म्हातारा नायक ओंजळीने पोटभर पाणी प्याला, विहिरीत डोकावला, आणि मागे वळून ओरडला, "बैल सोडा रे!"

तात्पर्य: वेळ आणि साधनं थोडी असतील, तर कामाचा कस कमी करू नये, आपल्या मागण्या कमी कराव्यात.